रेघेबाहेरचा रंग

इंडस्ट्रियल एरिया, दोहा
शुक्रवार, १० जानेवारी २०२५

कौशिक,

आशीर्वाद सुरुवातीलाच देऊन टाकतो. पुढचं वाचून तू कागद फाडलास तरी तेवढे पोचलेले असतील.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस त्याला तीन महिने होतील आता. आधी मला वाटलं माझाच फोन बिघडला. आमच्या खोलीत शहाजी राहतो, साताऱ्याकडचा, कंपनीची बस चालवतो. त्याला फोन दाखवला. त्यानं उलटासुलटा करून बघितला आणि म्हणाला, "दादा, फोनला काय बी झालं न्हाई. पोरानं ब्लॉक केलंय तुमास्नी." एवढं सांगून तो कणीक मळायला बसला. मीही मग कांदा चिरायला घेतला, डोळ्यांना निमित्त हवंच होतं.

कागदाला ब्लॉक करता येत नाही, म्हणून लिहितोय. कागदाची मला ददात नाही. प्रेसमध्ये कटिंगनंतर उरलेल्या पट्ट्या पोत्यांनी पडलेल्या असतात. ही पट्टी खजुराच्या खोक्याची आहे, म्हणून जाड लागेल हाताला. शहाजीची बस रोज अल रय्यानला तुमच्या बाजूच्या साइटवर माणसं सोडते. तो हे तुमच्या बिल्डिंगच्या वॉचमनकडे देईल.

मुद्द्यावर येतो. रविवारी तुझ्या आईचा औशाहून फोन आला होता. म्हणाली, "कौशिक बोलता बोलता तीनदा थांबला. खोकला लपवत होता." मी म्हणालो, एसीचा असेल. ती म्हणाली, "एसीचा खोकला मला कळत नाही का? हा छातीतला आहे." तिचंच खरं असणार. तुझी दुखणी तिनं काढली, मी मनीऑर्डरी काढल्या.

ते वेप, ती बॅटरीवरची सिगारेट, ओढणं सोड असं लिहिणार नाही. एकदा सांगून बघितलं, त्याचं फळ भोगतोय. पण ओढणारच असशील तर निदान खरं-खोटं तरी बघून घे. इथं ते विकायला बंदी आहे, त्यामुळे जे मिळतं ते सगळं चोरवाटेनं येतं, आणि चोरवाटेच्या मालात काय भरलंय ते भरणाऱ्यालाच माहीत.

आधी खोकं उन्हात धर. ट्यूबलाइटखाली सगळेच गोरे दिसतात. बारीक अक्षरांच्या कडा बघ. डुप्लिकेटवाले ओरिजिनल खोकं स्कॅन करून छापतात, त्यामुळे अक्षर फुगतं, त्याच्या पोटातली पोकळी भरून जाते. मग बॅच नंबर बघ. खरा असेल तर तो खोकं छापून झाल्यावर वेगळा मारलेला असतो, शाई वेगळी दिसते. खोट्यात तो चित्राबरोबरच छापून मोकळे होतात, हजार खोक्यांवर एकच नंबर. आतल्या नळीवरचा नंबर त्याच्याशी जुळायला पाहिजे. खरवडायची पट्टी असते तिच्याखालचा कोड कंपनीच्या साइटवर घालून बघ. न उघडता वास आला तर गडबड आहे. चार्जिंगला लावल्यावर चटका बसला तर फेकून दे, विचार करत बसू नकोस.

आणि सगळ्यात मोठी खूण रंगाची. एका रंगावर दुसरा रंग नेमका बसला पाहिजे, त्याला आम्ही रजिस्टर म्हणतो. तुला आठवत असेल. औशाच्या प्रेसमध्ये मी लग्नपत्रिका छापायचो आणि तू भिंग डोळ्याला लावून ओरडायचास, "बाबा, गणपतीचं पितांबर सरकलं!" तसंच बघायचं. रंग रेघेबाहेर केसभर जरी गेला असला तरी समज, छापणारा चोर होता. चोराला घाई असते. तीस वर्षं मी हेच बघत आलोय.

हे सगळं मला कसं माहीत, असं मनात येईल तुझ्या. प्रेसमध्ये दहा तऱ्हेची माणसं येतात, कानावर पडतं. बस, एवढंच.

मधुराला आशीर्वाद.

तुझा बाप,
धोंडीराम


इंडस्ट्रियल एरिया
शुक्रवार, २४ जानेवारी

कौशिक,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, पण शहाजी संध्याकाळी बस लावून आला की मी उगाच त्याच्या खिशाकडे बघतो. तो म्हणतो, "दादा, असं बघू नका, मला पाकीट मारल्यागत वाटतंय."

वॉचमन म्हणाला पत्र मॅडम घेऊन गेल्या. म्हणजे मधुरानं नेलं. तेवढं पुरे.

त्या दिवसाबद्दल एकदा लिहून टाकतो, म्हणजे सारखं मनात घोळणार नाही. ऑक्टोबरातला शुक्रवार. मी नेहमीसारखा जेवायला आलो होतो. मधुरानं धपाटे केले होते, खास माझ्यासाठी. तुझा तो मित्र पियूष आणि त्याची बायको भैरवी पण होते. जेवण झालं, तू खिशातून ती नळी काढलीस आणि घरभर आंब्याचा वास सुटला. मला काय झालं ते मला अजून कळलेलं नाही. मी ती तुझ्या हातातून ओढली आणि मोरीतल्या बादलीत टाकली. वर म्हणालो, "बायकोसमोर, लोकांसमोर, लाज वाटत नाही?"

तू आवाज चढवला नाहीस. आवाज चढवला असतास तर बरं झालं असतं. तू म्हणालास, "बाबा, तुम्ही आयुष्यभर विड्या ओढल्या. आणि कुठल्या हक्कानं बोलताय? एकोणीस वर्षं तुम्ही आमच्याकडे सुट्टीला यायचात. पाहुणे होतात. पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं."

मी चपला घातल्या. मधुरा लिफ्टपर्यंत आली, तिच्या हातात धपाट्यांचा डबा होता. तो मी घेतला, हे सांगायला आता लाज वाटते. एवढ्या रागातही डबा घेतला.

तू म्हणालास ते खोटं नव्हतं. खोटं असतं तर मी भांडलो असतो. तू इथंच, दोह्यात, वेस्ट बेच्या ऑफिसात नोकरीला लागलास तेव्हा मला वाटलं होतं, देवानं उरलेली वर्षं परत दिली. बाप आणि लेक एकाच गावात! औशात सांगितलं की लोक हसायचे, म्हणायचे, चला, बापानं पोराला अखेर गाठलं. त्यानंतर दर शुक्रवारी मी दाढी करून निघायचो.

आता शुक्रवारी दाढी करत नाही. कामावर जातो. शुक्रवारी प्रेस बंद असते, पण आमचा सुपरवायझर जैद, कराचीचा, त्यानं नोव्हेंबरात विचारलं, "उस्ताद, जुम्मे को सुबह एक मशीन चलाओगे? एक्सपोर्ट का काम है, आफ्रिका जाएगा." मी लगेच हो म्हणालो. सकाळी सहापासून अकरापर्यंत, मी आणि तो, दोघंच. छोटी खोकी आहेत. कसली ते विचारू नकोस, खोकं ते खोकं.

नमुना म्हणून जे दिलं होतं त्याचं काम मात्र रद्दी होतं. कोण छापतं कोण जाणे, नारिंगी रंग काळ्या रेघेच्या डावीकडे सरकलेला, चंदेरी पट्टी वाकडी. जैद म्हणाला, जैसा है वैसा छापो. माझ्यानं होईना. मी प्लेटा नव्यानं बसवल्या, दोन तास रंग जुळवला, अक्षरं स्कॅनची न घेता पुन्हा बसवून घेतली. नंबरासाठी वेगळं मशीन लावलं, एका खोक्यावरचा नंबर दुसऱ्यावर नाही. पहिला शीट हातात घेतल्यावर जैद म्हणाला, "वाह उस्ताद, ओरिजिनल से अच्छा बना दिया!" खरं सांगतो, त्या दिवशी जरा बरं वाटलं. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या कामाला चांगलं म्हणालं होतं.

शुक्रवार जातो. अकरा वाजता हात धुतो, नखांतली शाई निघत नाही, मग जेवतो आणि झोपतो.

खोकला कसा आहे ते मधुराला एका ओळीत लिहायला सांग. तू लिहू नकोस हवं तर.

धोंडीराम


इंडस्ट्रियल एरिया
गुरुवार, ६ फेब्रुवारी

कौशिक,

तुझी चिठ्ठी मिळाली. शहाजीनं बसमधून उतरायच्या आधीच हात बाहेर काढून हलवली. मी खोलीत बसून सात-आठ वेळा वाचली. तुझं अक्षर अजून तसंच आहे, ओळ सोडून वर चढणारं.

चिठ्ठी इथेच पुन्हा उतरवून ठेवतो: "बाबा, तुमच्या पत्राप्रमाणे सगळं तपासलं. माझा माल ओरिजिनल आहे. प्रिंट एकदम शार्प, नंबर वेगळा मारलाय, कोड साइटवर चालला. पियूषकडचा डुप्लिकेट निघाला, आंब्याचा रंग रेघेबाहेर होता. त्यानं तो कैरोहून ऑफिशियल दुकानातून आणला म्हणत होता, फसवलं त्याला. मी फेकायला लावला आणि माझ्या माणसाचा नंबर दिला. पुराव्यासाठी माझं रिकामं खोकं पाठवतोय. खोकला ठीक आहे. थँक्स."

थँक्स वाचून हसू आलं. मग खोकं उघडून बघितलं.

कौशिक, तो माल वापरू नकोस. हे पत्र वाचता वाचता फेक. पियूषलाही सांग, तुझ्या त्या माणसाकडचं काही घेऊ नकोस म्हणावं. माझी यादी चुकली. म्हातारा झालोय, नवीन वस्तूंतलं मला काय कळतं? कोडचं म्हणशील तर साइटपण खोटी बनवतात म्हणे. प्रिंट चांगली असली म्हणजे आतलं चांगलं असतं असं थोडंच आहे? लग्नपत्रिका सुरेख असल्या म्हणून सगळे संसार नीट झाले का?

कशावरून असं विचारशील. मधुराला फोन करणार होतो, पण तीही हेच विचारेल. बापाचं एवढं एक ऐक, कशावरून ते विचारू नकोस.

याआधी एक पान लिहिलं होतं, ते फाडलं. हे दुसरं आहे.

उद्या शुक्रवार. जैदला सांगितलंय की पाठ धरलीय, येत नाही. त्याला विचारलं होतं, माल खरंच आफ्रिकेला जातो ना? तो हसला आणि म्हणाला, "इन्शाल्ला." इन्शाल्ला कशाला म्हणायचं त्याला? गेला तर गेला म्हणायचं.

लगेच फेक. मधुरानं हे वाचलं तर तिनं फेकावं.

धोंडीराम


हॉस्पिटल, खालचा हॉल
रविवार, १६ फेब्रुवारी

कौशिक,

तू वर तिसऱ्या मजल्यावर आहेस. भेटायची वेळ संपली म्हणून मला खाली बसवलंय. कागद कॅन्टीनवाल्याकडून मागून घेतला, पातळ आहे, पेन पलीकडे उमटतंय.

तुला मास्क लावलाय, त्यामुळे मी काय बोललो ते तू नीट ऐकलं नसशील. आणि जे खरं बोललो ते तू खोलीत नसताना बोललो. म्हणून आता तुझ्यासाठी लिहितोय. या वेळी पान फाडणार नाही.

शुक्रवारी दुपारी मधुराचा फोन आला. "बाबा, कौशिकला श्वास घेता येत नाहीये, ताप आहे, आम्ही हॉस्पिटलमध्ये आहोत, तुम्ही या." मी कसा आलो ते आठवत नाही. शहाजीनं सुट्टीच्या दिवशी कुणाची तरी गाडी मागून आणली होती.

डॉक्टर फरहा, हैदराबादच्या, तुला विचारत होत्या, काय ओढतोस, कुठून घेतोस. तू दोन-दोन शब्दांत सांगत होतास. त्या मला म्हणाल्या, "अंकल, फेफड़ों में सूजन है. ये बोल रहे हैं, चीज़ ओरिजिनल है, खुद चेक की है. तो हम इन्फेक्शन की तरफ़ देख रहे हैं." आणि तू मास्क जरा उचलून माझ्याकडे बोट केलंस आणि म्हणालास, "बाबांनी शिकवलं."

कौतुकानं म्हणालास. चार महिन्यांनी माझ्याशी बोललेले तुझे पहिले दोन शब्द.

मग तुला स्कॅनला नेलं. कॉरिडॉरमध्ये मी, मधुरा आणि डॉक्टर. मी म्हणालो, "डॉक्टर, वो नकली है."

"आपको कैसे पता?"

मी म्हणालो, कळतं. त्या म्हणाल्या, "अंकल, अंदाज़े से काम नहीं चलेगा. पक्का पता है तो बताइए. इलाज बदलता है इससे." मधुरा म्हणाली, "बाबा, तुम्हीच तर पत्रात लिहिलं होतं कसं ओळखायचं. आम्ही तसंच बघितलं."

मी म्हणालो, "मैंने छापा है."

डॉक्टरांना आधी कळलंच नाही. मधुराला कळलं. तिच्या हातात तुझं घड्याळ होतं, ते तिनं पर्समध्ये ठेवलं, चेन लावली, पुन्हा उघडली. पण ओरडली नाही. म्हणाली, "डॉक्टर, अब टेस्ट के लिए भेज दीजिए, घर में एक और है." मी जी नळी फेक म्हणालो होतो ती घरातच होती. तुम्ही फेकली नव्हती. का फेकाल? मी कारणच दिलं नव्हतं.

आता तुला सरळ सांगतो. नोव्हेंबरपासून दर शुक्रवारी मी त्या आंब्याच्या नळीची खोटी खोकी छापत होतो. पहिल्या दिवशीच मला कळलं होतं ती कसली. जी वस्तू तुझ्या हातातून हिसकावून बादलीत टाकली, तिचंच खोकं मी पंधरा दिवसांत छापायला घेतलं. बाहेर जातं म्हणाले, ते मी मानलं, कारण मानायचं होतं. दूरच्या देशातल्या कुणाच्या तरी छातीत काय जाईल याचा विचार केला नाही. तिकडच्या मुलांनाही बाप असतील, हे मला तुझ्या पलंगापाशी उभं राहिल्यावर सुचलं.

तुझी आई विचारेल, पैशासाठी केलंत का? तिला पैशासाठी म्हणून सांगेन, तिला ते समजेल. तुला खरं सांगतो. शुक्रवार जात नव्हता. खोलीत बसलं की धपाट्याचा वास यायचा. मशीन सुरू झालं की आवाजात काही ऐकू येत नाही, म्हणून गेलो.

आणि दुसरं, त्याहून वाईट. ते खोकं मला चांगलं छापायचं होतं. ओरिजिनल कंपनीचा तो लॉट गचाळ होता, नारिंगी रंग रेघेबाहेर गेलेला. मी तो रेघेत आणला. आणि तुला पत्र लिहिताना हात आपोआप तेच लिहून गेला जे तीस वर्षं म्हणत आलोय: रंग बाहेर गेला की चोर. पियूषचा रंग बाहेर गेलेला होता, तो खरा होता. तुझा रेघेत होता, तो माझा होता. तू माझ्याच शिकवणीप्रमाणे तपासलंस आणि अगदी बरोबर तपासलंस, पोरा. चुकीचा मी होतो.

सहा तारखेला तुझं खोकं हातात आलं तेव्हाच मला कळलं. चंदेरी पट्टी मी सरळ केली होती, ती सरळ होती. त्या रात्री खरं लिहिलं असतं तर तू ते फेकलं असतंस. मी "कशावरून ते विचारू नकोस" असं लिहिलं. पुढचे आठ दिवस तू ते ओढत होतास, ओरिजिनल आहे म्हणून निर्धास्त. ते आठ दिवस माझे आहेत. वापरणारा तू असलास तरी ते माझे.

तू मला पाहुणा म्हणाला होतास. पाहुणा निदान घरात विष आणत नाही.

पियूषला मधुरानं फोन केला. त्यानं तुझ्या माणसाकडून दोन घेतल्या होत्या, एकच उघडली होती. तो ठीक आहे, त्यालाही तपासायला बोलावलंय.

वरून मधुरा आली. म्हणते, टेस्टचा निकाल यायचा आहे, पण औषध बदललंय. आकडा थोडा वर गेलाय म्हणे. कसला आकडा ते मी विचारलं नाही, वर गेला ना, पुरे. तिनं मला बिस्किटाचा पुडा दिला. मी नको म्हणालो. "घ्या," म्हणाली. घेतला.

धोंडीराम


इंडस्ट्रियल एरिया
मंगळवार, २५ फेब्रुवारी

कौशिक,

तुला घरी सोडल्याचं मधुरानं कळवलं. तेलकट काहीतरी मिसळलेलं होतं म्हणे आत, बरा व्हायला महिने लागतील पण होशील. हे तिनं पाठवलेलं मी शहाजीला मोठ्यानं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "दादा, पुना वाचा." पुन्हा वाचलं.

आता माझी बातमी, दुसऱ्याकडून कळायच्या आधी. बुधवारी मी स्वतःच पोलिसांकडे गेलो. बाद झालेले शीट मी गादीखाली ठेवले होते. का ठेवले होते विचारशील तर चांगले छापले होते म्हणून. ते बरोबर नेले. शहाजीनं दारापर्यंत सोडलं. वाटेत एकदाच बोलला, "दादा, ईचार केलाय न्हवं? हितलं सगळं खलास हुईल." मी म्हणालो, झालंच आहे.

तिथं चार तास बसलो. मग एका लांब टेबलावर खोकी पसरली. काही आमच्या प्रेसच्या मागच्या खोलीतून आणलेली, काही गावभरातून पकडलेली, सगळ्यांवर तोच आंबा. दुभाष्या केरळचा होता. हिंदीत म्हणाला, "साहेब विचारतात, यातली तुमची कुठली?"

भिंग मागितलं. त्यांच्याकडे होतं. मी एकेक उचलत गेलो आणि दोन ढीग केले. एकशे बारा खोकी होती, पाऊण तास लागला. ऑफिसरनं दोन्ही ढीग बघितले, आमच्या ढिगातलं एक उचललं, कंपनीच्या ढिगातलं एक, दोन्ही उजेडात धरली. त्यानं विचारलं, कसं ओळखता? मी म्हणालो, "जे चांगलं छापलंय ते माझं."

दुभाष्या थांबला. त्यानं मला परत विचारलं, असंच सांगू का? मी म्हणालो, असंच सांग. त्यानं सांगितलं. ऑफिसर हसला नाही, रागावलाही नाही. वहीत लिहून घेतलं. तीस वर्षांच्या कामाचं एवढं मोठं सर्टिफिकेट मला कुणी दिलं नव्हतं, आणि त्याच्याखाली मी सही केली.

प्रेसला कुलूप आहे. जैद सापडला की नाही माहीत नाही. मला कोठडीत ठेवलं नाही, पासपोर्ट घेतला. निकाल लागेपर्यंत देश सोडायचा नाही, आणि लागला की बहुतेक सोडावाच लागेल, मध्ये आणखी काय भोगायचं ते ठरेल. ठरू दे. तुझ्या आईला सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्याचा खोकला ऐकला का तुम्ही?" मी म्हणालो, ऐकणार कसा, माझा फोन त्याला लागत नाही.

आणि काल दुपारी तुझा फोन आला.

स्क्रीनवर तुझं नाव बघून मी आधी शहाजीकडे बघितलं, हे खरंय ना म्हणून. कानाला लावला. तू बोलला नाहीस. मीही नाही. मी विचार करत होतो, कुठलं पत्र वाचलंय यानं, कुठलं नाही. मग तेही सोडून दिलं आणि नुसता ऐकत राहिलो. तुझा श्वास ऐकू येत होता, जरा जड, शेवटी थोडा अडकणारा. आत, बाहेर. तुझ्या आईसाठी ऐकत होतो असं म्हणेन, पण माझ्यासाठीच ऐकत होतो. एकदाही खोकला नाही आला.

मग तू म्हणालास, "शुक्रवारी काय करताय?"

मला एवढंच बोलता आलं, "काही नाही." आणि तू ठेवलास. म्हणून बाकीचं लिहितोय.

तू माफ केलंस असं मी समजणार नाही. तू तसं म्हणाला नाहीस आणि मी मागितलंही नाही. पण शुक्रवारी येतो. शहाजीची बस त्या दिवशी नसते, टॅक्सी करीन. मधुराला सांग, काही करू नकोस, वरण-भात पुरे. माझ्या नखांतली शाई अजून निघालेली नाही, ताटात हात घालताना दिसेल, तेवढं चालवून घ्या.

यापुढे किती शुक्रवार मिळतील ते त्यांच्या हातात आहे. या शुक्रवारी दाढी करून येतो.

बाबा